पेट्रोल उचलत नाही

पवई तलाव उजव्या हाताला दिसू लागला आणि गाडीने मान टाकली. आधी एक हिसका बसला, मग दुसरा. ॲक्सिलरेटर तळाला नेला तरी इंजिनाचा आवाज वाढेना, उलट खोल खोल जात राहिला. मी गिअर काढला, उरलेल्या वेगात गाडी डाव्या कडेला घेतली आणि हातब्रेक ओढला. मागून येणारी बस हॉर्न देत निघून गेली. ऑक्टोबरातली सकाळ, साडेदहाची वेळ, ऊन आताच चटका देत होतं. दसऱ्याला बांधलेली झेंडूची माळ सुकून आरशाला लोंबत होती. चावी फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला, पण इंजिन काही पकडेना.

ही आमची १९९७ सालची मारुती व्हॅन. कागदावर ओम्नी असलं तरी मुलुंडच्या आमच्या गल्लीत तिला सगळे व्हॅनच म्हणतात, आणि ते चूकही नाही. १९८४ मध्ये ही गाडी आली ती मारुती व्हॅन याच नावाने. ओम्नी हे बारसं नंतरचं. २०१९ मध्ये ती बनायची थांबली. मधल्या पस्तीस वर्षांत उपनगरांनी तिच्याकडून काय करून घेतलं नाही? शाळेतली पोरं नेली, रुग्ण नेले, लग्नाच्या जेवणाची पातेली नेली, गणपती आणले. बाबांनी ती घेतली तेव्हा मी सहावीत होते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. गाडी मी ठेवली.

त्या दिवशी निघाले होते बोरिवलीला, आत्याकडे. बाभईतली तिची इमारत पुनर्विकासाला जाणार, महिनाअखेरपर्यंत घर रिकामं करायचं. भाड्याच्या घरात मावणार नाही असं सामान माझ्याकडे आणायचं होतं: शिलाई मशीन, तांब्याचा बंब, आजीचे पाट, दिवाळी अंकांचे गठ्ठे. टेंपो सांगता आला असता. पण बंब आणि मशीन व्हॅनमध्ये उभं राहतं, हे बाबांनी एकदा करून दाखवलेलं होतं.

मुलुंड आणि बोरिवली ही नकाशावर शेजारणीच म्हणायला हव्यात. सरळ रेघ मारली तर अंतर बारा किलोमीटरच्या आसपास. पण मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यामुळे या घरून त्या घरी जायचं तर एक तर उत्तरेकडून घोडबंदरने वळसा घालायचा, नाही तर दक्षिणेकडून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने. डोंगराखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे घेऊन जाणारा गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता होतो आहे, त्याची एकूण लांबी १२.२ किलोमीटर. तो होईपर्यंत आत्याचं घर माझ्यासाठी वळशाच्या पलीकडेच राहणार. मी दक्षिणेचा रस्ता धरला: भांडुप, कांजूरमार्ग, गांधीनगरचा चढ, आयआयटी, पवई.

खरं तर गाडीने सकाळीच सांगून पाहिलं होतं. पावसाळाभर ती फार कमी चालली होती. कार्बोरेटरच्या गाड्या उभ्या राहिल्या की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं. मग पंपाने टाकीतून नवीन पेट्रोल ओढून ती वाटी भरेपर्यंत सेल्फ मारत राहावं लागतं. चोक ओढून दहा-दहा सेकंदांनी, मध्ये बॅटरीला उसंत देत मी प्रयत्न केले. सहाव्या वेळी इंजिन लागलं. नेहमी तिसऱ्या वेळेला लागतं, हे मला त्याच क्षणी जाणवायला हवं होतं.

बाबांचा एक क्रम होता आणि तो त्यांनी माझ्याकडून घोकून घेतला होता. सेल्फ फिरतोय पण गाडी लागत नाही, तर तीनच गोष्टी: करंट, पेट्रोल, हवा. एकेक सोडवायची. दोन गोष्टींना एकदम हात लावायचा नाही, नाही तर गाडी सुरू होईल पण कशाने सुरू झाली हे कधी कळणार नाही. हे वाक्य मला पुढे गाडीबाहेरही फार उपयोगी पडलं.

व्हॅनचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून मागे टेकवली. आतून भट्टीसारखी धग आली. एका प्लगची वायर काढली, पिशवीतला जादा प्लग तिला लावला आणि त्याची कड इंजिनाच्या लोखंडाला टेकवून, पक्कडीच्या रबरी मुठीने धरून ठेवली. आता चावी फिरवायला कुणी तरी हवं. पलीकडे प्रवाशाची वाट बघत उभा असलेला रिक्षावाला आपणहून आला.

“ताई, पेट्रोल तर आहे ना?”

“पाव टाकी आहे. तुम्ही फक्त चावी फिरवा, मी सांगेन तेव्हा सोडा.”

सावली करून पाहिलं. ठिणगी निळी, टचटचीत. म्हणजे करंट आहे. कार्बोरेटरवरचा हवेचा पाइप काढून तोंडात डोकावले आणि हाताने ॲक्सिलरेटरची केबल ओढली. इथे एका बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. एकही थेंब आला नाही. वाटी कोरडी होती. गाडी पेट्रोल उचलत नव्हती.

रिक्षावाल्याचं म्हणणं पडलं की गाडी गरम झाली आहे, थांबा. हे निदान चूक नव्हतं. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच असतो, त्यामुळे तो तापतो. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफेशीच झटापट करत राहतो. वाफ दाबली जाते, पसरते, पुढे काही सरकत नाही. ओलं फडकं पंपावर टाकावं आणि वाट बघावी, हा ऑक्टोबरातला आणि मे महिन्यातला जुना उपाय आहे. मी बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं, ते डिस्ट्रिब्युटरकडे जाणार नाही असं पंपावर ठेवलं आणि तलाव बघत बसले. १८९१ पासून हे पाणी इथे अडवलेलं आहे. दूर काठाला कुणी गळ टाकून बसला होता. पंचवीस मिनिटांनी चावी फिरवली आणि चौथ्या प्रयत्नाला इंजिन लागलं.

मला आनंद झाला, आणि तिथेच मी क्रम सोडला. गाडी सुरू झाली म्हणजे कारण सापडलं, असं मी धरून चालले. जेमतेम अडीच-तीन किलोमीटरवर, सीप्झ जवळ येत असताना, तेच हिसके, तोच खोल जाणारा आवाज. आता मात्र फडकं टाकून उपयोग नव्हता. एका टेंपोवाल्याने टोचन लावलं आणि मला मरोळच्या आतल्या एका गल्लीत, त्याच्या ओळखीच्या गॅरेजसमोर आणून सोडलं. पैसे घेईना. “मागच्या महिन्यात माझ्याच टेंपोला एकाने आणलं होतं इथे,” एवढंच म्हणाला.

गॅरेज म्हणजे दोन गाळ्यांची जागा, वर पोटमाळा, भिंतीला पाने आकाराने लावलेले. दाराशी वाळूची बादली. मालक काका सत्तरीच्या घरातले, मूळ कणकवलीकडचे. शिकले ते फियाटवर. प्रीमियर पद्मिनीला ते फियाटच म्हणत होते. ती कुर्ल्यात बनायची, त्यामुळे पूर्व उपनगरांत तिची नस ओळखणारी हाताने शिकलेली माणसं भरपूर होती. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. काकांना ती तारीख पाठ होती. “त्या दिवशी गॅरेज बंद ठेवलं नाही, पण कामात लक्ष लागलं नाही,” ते म्हणाले.

मी काय काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “चढावर बंद पडते की सपाटीला?”

“हिसके चढाला सुरू होतात.”

“आणि टाकी पाव.” त्यांनी मान हलवली.

पुढचा पाऊण तास मी जे पाहिलं ते पाहण्यासाठी मी पुन्हा एकदा टोचनवर जायला तयार आहे. आधी त्यांनी गाडी थंड होऊ दिली. मग एक लहान पत्र्याचा डबा छताच्या हुकाला टांगला, त्याच्या तळातून निघालेली नळी थेट कार्बोरेटरला जोडली आणि डब्यात थोडं पेट्रोल ओतलं. रुग्णाला सलाइन लावतात तसं. वाळूची बादली गॅरेजमधल्या पोराने पायाशी आणून ठेवली. चावी फिरवताच इंजिन लागलं आणि एकसारखं चालू लागलं. काकांनी दोन मिनिटं ऐकलं, बंद केलं, डबा उतरवला.

“कार्बोरेटर बरा आहे. प्लग बरे. आता मागे चला.”

मागे म्हणजे पेट्रोलच्या वाटेने उलटं, टाकीच्या दिशेने. पुढचा मुक्काम पंप. हा पंप विजेवर चालत नाही. इंजिनातला कॅमशाफ्ट फिरताना त्याच्या दांडीला ढुशा देतो, दांडी आतला रबरी पडदा खाली ओढते, पोकळी तयार होते आणि पेट्रोल आत येतं. पडदा वर येताना तेच पुढे ढकललं जातं. दोन छोट्या झडपा पेट्रोलला परत फिरू देत नाहीत. काकांनी पंपाची आत येणारी नळी काढली आणि मला म्हणाले, “बोट लावा.” पोराने सेल्फ मारला. बोटाचं टोक हलकेच, पण ठेक्यात ओढलं जात होतं. पंप जिवंत होता.

मग नळी. टाकीचं झाकण उघडून पोराला तिथे कान लावून बसवलं आणि काकांनी पुढच्या टोकाने हलकी हवा मारली. “येतंय, येतंय,” पोरगा ओरडला. टाकीत बुडबुड ऐकू येत होतं. नळी चोंदलेली नाही. झाकणातून टाकीला हवा मिळते का तेही पाहिलं. ते भोक बुजलं तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल अडतं. तेही ठीक निघालं.

इथे मी गोंधळले. करंट आहे, कार्बोरेटर बरा, पंप ओढतो, नळी मोकळी, टाकीत पेट्रोल. मग अडलंय कुठे? काकांनी नळ्या परत जोडल्या, मला गाडीखाली पुठ्ठ्यावर झोपवलं आणि टॉर्च दिला. तिथे पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर आहे, केव्हा तरी कुणी तरी बसवलेला. पोराने सेल्फ मारला आणि मी त्या फिल्टरमध्ये पाहिलं. तांबूस पेट्रोल अर्ध्यावर होतं आणि त्यातून बुडबुड्यांची माळ सरकत होती. सारखी, न तुटता.

“पेट्रोलऐवजी काय पितोय तो?” काकांनी वरून विचारलं.

“हवा.”

फिल्टरच्या मागे, टाकीकडून येणारी लोखंडी नळी आणि फिल्टर यांच्यामध्ये वीतभर रबरी पाइप होता. क्लिप सैल केली आणि पाइप वाकवला तेव्हा क्लिपच्या खाली दडलेल्या केसासारख्या चिरा उघडल्या. बाहेरून पाहिलं तर धड. आणि एक थेंब गळत नव्हता. मी तरी सकाळी गाडीखाली डाग शोधून निश्चिंत झाले होते. पण ही ओढीच्या बाजूची नळी. पंप ओढतो तेव्हा इथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सपाटीला, सावकाश चालताना थोडी हवा गेली तरी भागतं. चढावर टाकी मागे खाली जाते, पंप पुढे वर येतो, पेट्रोल अधिक उंच ओढावं लागतं, इंजिनाची भूकही वाढते. टाकी पावच भरलेली, म्हणजे ओढ आणखी लांब. त्यात ऊन. काकांनी एका प्रश्नात चढ आणि टाकी का जोडली, ते मला पुठ्ठ्यावर पडल्या पडल्या कळलं.

हाच आजार डिझेलच्या गाड्यांत फार जुना. काका पूर्वी मॅटडोर दुरुस्त करायचे, पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेंपोने बनवलेली. तिने हवा धरली की नट सैल करून हातपंप मारायचा, फेस येतो तो जाऊ द्यायचा, निव्वळ डिझेलची धार लागली की नट आवळायचा. “हवा काढल्याशिवाय मॅटडोर पाऊल टाकायची नाही. पेट्रोलची गाडी तेवढी मानी नसते, ती थोडं चालून दाखवते. म्हणून माणूस फसतो.”

पाइप जवळच मिळाला असता. पण काकांनी पंप उघडून पाहिला होता. “पडदा अजून ओढतोय, पण कडक झालाय. आज जाल, पुढच्या महिन्यात हाच तुम्हाला रस्त्यात उभं करील. मिळत असेल तर आजच नवीन टाकू.” कार्बोरेटरच्या व्हॅनचा पंप आसपासच्या दुकानांत नव्हता. कुर्ल्याला, सीएसटी रोडला मिळेल असं ठरलं. पोराला पाठवतो म्हणाले, पण जुना पंप घेऊन मीच निघाले.

अशा रीतीने बोरिवलीला निघालेली मी मरोळ नाक्याला मेट्रोत चढून उलट दिशेला, घाटकोपरकडे जाऊ लागले. वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची, बारा स्थानकांची मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली तेव्हा बाबा मला मुद्दाम घेऊन आले होते. साकीनाका, असल्फा, जागृतीनगर. खाली अंधेरी-घाटकोपर रस्ता मुंगीच्या गतीने सरकत होता आणि टेकडीवरची असल्फ्याची रंगवलेली घरं खिडकीतून डोळ्यांसमोर येत होती. याच रस्त्यावर २६ जुलै २००५ च्या संध्याकाळी बाबा ही व्हॅन घेऊन अडकले होते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी इथे साकीनाक्याला दरड कोसळून वस्ती गाडली गेली. बाबा गाडी चढाला लावून रात्रभर चालत मुलुंडला आले. तिसऱ्या दिवशी परत गेले, टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. खाली पाणी, वर पेट्रोल, मध्ये स्वच्छ रेघ. पाणी जड, ते तळाला बसतं. ते टाकून, तेल बदलून त्यांनी गाडी घरी आणली. ती बरणी मला अजून दिसते.

आज तशी रेघ इतक्या सहज दिसत नाही. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून राहतं, फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. मुंबईच्या पावसाळी हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली तर लोखंडी टाकीला गंज धरतो. जुन्या प्रतीचं रबरही इथेनॉलने फुगतं, मग सुकून कडक होतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या उसातून निघालेलं इंधन गाडीत जाळायला माझी हरकत नाही, उलट ते मला आवडतंच. पण १९९७ च्या गाडीच्या नळ्या त्यासाठी बदलून घ्यायला हव्यात आणि ते काम मी केलं नव्हतं. गाडी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला नेते, पर्यावरण कर भरते, १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांची फी ५,००० झाली होती, तीही मान्य केली. त्या तपासणीत ब्रेक आणि दिवे बघतात. वीतभर रबरी पाइप माझा मलाच बघायला हवा.

घाटकोपरहून लोकलने कुर्ला. सीएसटी रोडवर फुटपाथभर गाड्यांचे अवयव: दरवाजे, गिअरबॉक्स, स्टार्टर, एका दोरीत ओवलेली कार्बोरेटरची माळ. तिसऱ्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदाराने जुना पंप हातात घेऊन उलटसुलट केला, वास घेतला आणि न बोलता आत गेला. बाहेर आला तो धुळकट खोका घेऊन. आत नवाकोरा पंप, गॅस्केटसह. इथेनॉलला टिकेल असा पाइप मीटरभर, चार क्लिपा, दोन फिल्टर. तो म्हणाला, “स्क्रू असलेली क्लिप घ्या. स्प्रिंगची जुन्या नळीवर बसत नाही नीट.” मी ती घेतली.

मरोळला परतले तेव्हा तीन वाजून गेले होते. काकांनी गॅरेजमधला भात-आमटीचा डबा माझ्यासाठी झाकून ठेवला होता. मी जेवेपर्यंत त्यांनी टाकी तळापासून उपसली, तांबूस गाळ फडक्यावर घेऊन मला दाखवला. पाइप मात्र मला लावायला सांगितला. “पुढच्या वेळी रस्त्यात मी नसेन.” लोखंडी नळीचं टोक पॉलिश पेपरने घासलं, पाइप दोन बोटं आत सरकवला, क्लिप टोकापासून थोडी आत घेऊन आवळली. जास्त आवळली की रबर कापतं, हे त्यांनी माझ्या मनगटाला हात लावून थांबवत सांगितलं. वाटी भरायला जरा सेल्फ मारावा लागला. मग इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं.

पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळची गर्दी होती. गोरेगाव, मालाड, कांदिवली. उजवीकडे सगळा वेळ तो डोंगर, ज्याच्या पलीकडे माझं घर. बोरिवलीला उतरून पश्चिमेला आले, बाभई नाक्यावरून आत वळले. आत्या गॅलरीत उभी होती.

“अगं, सकाळी निघालीस ना? किती फोन केले मी!”

“वर येते, मग सांगते.”

बंब खाली आणायला वॉचमनने हात दिला. मशीन आडवं न करता उभंच, बाबांनी दाखवलं होतं तसं, सीटला टेकवून बसलं. त्याला दोरी मारली, पाट मधल्या फटीत सारले, दिवाळी अंक वर. मागून गाडी चांगलीच दबली होती. अंधार पडला होता. आत्याला म्हटलं, जरा चावी फिरव, आणि टॉर्च घेऊन फरशीवर वाकले.

“फिरवू?”

“फिरव. आणि ठेव चालू.”

फिल्टर काठोकाठ भरलेला होता. मी पूर्ण मिनिटभर पाहिलं. एकही बुडबुडा नव्हता.

“झालं का गं तुझं?” आत्या वरून विचारत होती. “तो एक स्टूलही मावेल का बघ ना.”